दुसरा संसार मांडण्याआधी: पेन्शन, रेशन, कर आणि घराचा हिशोब

चाळिशी-पन्नाशीनंतर नवा जोडीदार मिळाला की घरात पहिली चर्चा होते ती लोक काय म्हणतील याची. पैशांचा विषय त्यानंतर येतो, आणि बऱ्याचदा तोवर पेन्शन बंद झालेली असते किंवा वसुलीची नोटीस हातात पडलेली असते. पती वारलेल्या, घटस्फोटित किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाने कोणाबरोबर राहायला जायचं ठरवलं, तर महाराष्ट्रात पैशांचं काय काय बदलतं आणि कोणत्या क्रमाने कामं करावीत, ते इथे दिलं आहे. गोव्याचं गणित वेगळं आहे, ते शेवटी.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. आपल्याकडे सरकार छप्पर मोजत नाही, नातं मोजतं. एका घरात राहता म्हणून पेन्शन थांबत नाही, पण लग्न झालं की थांबू शकते. उलट बाजूही तितकीच खरी. लग्न नसेल तर जोडीदाराचा वारसाहक्क नाही, करातली सवलत नाही आणि पीएफमध्ये जागाही बहुधा नाही. त्यामुळे 'लग्न करायचं की नुसतं सोबत राहायचं' हा प्रश्न भावनेचा असला, तरी त्याचं उत्तर देण्याआधी एका कागदावर दोघांचं सगळं उत्पन्न मांडायला हवं. प्रत्येक रकमेपुढे लिहा: ही रक्कम माझी स्वतःची (पगार, माझी निवृत्ती पेन्शन, व्याज, भाडं) की मी कोणाची तरी पत्नी, पती किंवा विधवा आहे म्हणून मिळणारी? पहिल्या प्रकारच्या रकमेला लग्नाने धक्का लागत नाही. दुसऱ्या प्रकारची प्रत्येक रक्कम तपासायची.

कुटुंब निवृत्तिवेतन

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या पश्चात पत्नीला किंवा पतीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यू किंवा पुनर्विवाह, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत असतं. शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के हा साधारण दर. ५०,००० मूळ पगार असेल तर महिना १५,००० अधिक महागाई सवलत. पुनर्विवाह झाला की ही रक्कम विधवेची राहत नाही, पण घरातून जातेच असंही नाही. पहिल्या पतीपासूनचं अपत्य २५ वर्षांखालचं, अविवाहित आणि न कमावणारं असेल, तर पेन्शन त्याच्या नावावर वळते. त्यासाठी अर्ज आपणच करायचा, कार्यालय आपणहून वळवत नाही. नियमात एक अपवाद आहे: मूल नसलेल्या विधवेने पुनर्विवाह केला आणि तिचं सर्व मार्गांनी मिळणारं उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा (₹९,००० अधिक महागाई सवलत) कमी असेल, तर पेन्शन चालू राहते. हा अपवाद बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही.

राज्य कर्मचाऱ्यांना १९८२ चे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम लागू आहेत, सैन्याचे नियम त्याहून निराळे. शेजारणीची पेन्शन लग्नानंतर चालू राहिली म्हणून तुमचीही राहील असं धरू नका. कोषागाराला लेखी अर्ज द्या, त्यात पेन्शन प्रदान आदेशाचा (पीपीओ) क्रमांक घाला आणि उत्तर लेखीच घ्या. खिडकीवरच्या तोंडी उत्तराला पुढे किंमत नसते.

खासगी नोकरीतल्यांची ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन, रकमेने लहान, पण नियमाने कडक आहे. विधवा पेन्शन पुनर्विवाहाच्या तारखेला संपते. मात्र ती संपली की मुलांची पेन्शन वाढते. आधी प्रत्येक मुलाला (एकाच वेळी दोघांपर्यंत, वयाच्या २५ पर्यंत) विधवा पेन्शनच्या २५ टक्के मिळत असतात. विधवा पेन्शन देय नसेल तर अनाथ पेन्शनचा दर लागतो, म्हणजे ७५ टक्के. हिशोब करून बघा: विधवा पेन्शन ₹२,००० आणि दोन मुलं असतील तर आज घरात २,००० + ५०० + ५०० = ३,००० येतात. लग्नानंतर १,५०० + १,५०० = ३,०००. म्हणजे मुलं लहान असेपर्यंत घरात येणारी रक्कम तेवढीच राहते, फक्त ती मुलांच्या नावाने येते. मुलं पंचविशी ओलांडलेली असतील तर सगळीच जाते.

आता नेहमीची चूक. 'आम्ही देवळात हार घातले, नोंदणी केली नाही, म्हणजे सरकारदरबारी लग्न नाही.' हे चुकीचं आहे. हिंदू विवाह कायद्यात नोंदणी नसल्याने लग्न अवैध ठरत नाही. विधी झाले असतील तर लग्न झालं. हयातीचा दाखला ऑनलाइन देताना जीवन प्रमाण ॲपमध्ये आधार आणि पीपीओ क्रमांकानंतर 'पुनर्विवाह केला आहे का' असा प्रश्न येतो. घाईत, कधी सायबर कॅफेवाल्याच्या हातून, तिथे 'नाही' दाबलं जातं. वर्षाकाठी हेच घडत राहतं आणि नंतर एखादा नातेवाईक तक्रार करतो. मग लग्नाच्या तारखेपासूनची सगळी रक्कम परत मागितली जाते.

उलट, खरोखर लग्न न करता सोबत राहत असाल तर 'नाही' हे उत्तर खरंच आहे. फक्त मग इतर कागदांवरही तेच दिसलं पाहिजे. भाडेकरारात 'पती-पत्नी', गॅसच्या कागदांवर 'पत्नी' आणि पेन्शन कार्यालयात 'पुनर्विवाह नाही' हे एकत्र नांदत नाही. दीर्घकाळ पती-पत्नीसारखं राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालेलं आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं, आणि तुम्हीच सही करून दिलेला कागद तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतो.

घटस्फोटानंतर पोटगी मिळत असेल तर पुनर्विवाह झाल्यावर माजी पती ती रद्द करून घेऊ शकतो. मुलांची पोटगी वेगळी, ती आईच्या लग्नाने संपत नाही. हुकूमनाम्यात दोन्ही रकमा स्वतंत्र लिहिल्या आहेत का ते पाहा. एकच ठोक रक्कम लिहिली असेल तर लग्नाआधी वकिलाकडून ती फोडून घ्या.

आणि एक भीती अनाठायी आहे: पहिल्या पतीकडून वारसाने मिळालेलं घर किंवा शेत पुनर्विवाहाने परत जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्याची पूर्ण मालकी तिची असते. सासरचे काहीही म्हणोत, हक्कसोडपत्रावर सही करण्याची गरज नाही.

योजना आणि रेशनकार्ड

संजय गांधी निराधार योजनेत विधवा-घटस्फोटितांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा ₹२१,००० आहे आणि महिना ₹१,५०० मिळतात. विधवा किंवा घटस्फोटित या निकषावर अनुदान चालू असेल तर लग्नानंतर तो निकषच उरत नाही. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेला लग्नाच्या दाखल्यासह अर्ज देऊन नाव कमी करून घ्या आणि पोच ठेवा. पुढे वसुली निघाली तर तारीख दाखवायला तीच कामाला येते.

'लाडकी बहीण'ची गोष्ट वेगळी. २०२४ च्या जुलैपासून चालू असलेल्या या योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित सगळ्याच बसतात. म्हणून लग्न झालं हे आपोआप अपात्रतेचं कारण नाही. पण कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. नवा पती आयकर भरत असेल, कायम सरकारी नोकरीत असेल, त्याच्या नावावर चारचाकी (ट्रॅक्टर सोडून) असेल किंवा दोघांचं मिळून उत्पन्न अडीच लाखांवर जात असेल, तर लाभ संपतो. ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार जोडला जातो, त्यामुळे नातं बदललं की ते अद्ययावत करावं लागतं. लग्न न करता सोबत राहणारा जोडीदार या व्याख्येत येत नाही. मुलाला बालसंगोपन योजनेचे ₹२,२५० एक पालक असण्याच्या कारणाने मिळत असतील, तर लग्नानंतर तेही जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला कळवा.

रेशनकार्डाचा क्रम चुकला की महिनोन्महिने हेलपाटे पडतात. आधी जुन्या कार्डावरून नाव कमी करायचं (नमुना ९), त्याचा दाखला घ्यायचा, मग नव्या कार्डात नाव वाढवायचं (नमुना ८). दोन्हीकडे नाव राहिलं तर आधार जुळणीत दुबार दिसतं आणि धान्य अडकतं. अर्जाआधी रंगाचा विचार करा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मिळतं, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा शहरात ₹५९,००० आणि ग्रामीण भागात ₹४४,००० वार्षिक. अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, ३५ किलो. अंत्योदय कार्डावर एकटीच असलेल्या बाईने नवऱ्याच्या पांढऱ्या कार्डात नाव घातलं तर ३५ किलोंचं शून्य होतं. ते टाळण्यासाठी लग्न लपवणं मात्र महागात पडतं.

समलिंगी जोडीदारांसाठी २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं आहे की रेशनकार्डासाठी त्यांना एकाच कुटुंबातले मानावं, आणि बँकेत संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. तालुक्याच्या काउंटरवर हे माहीत असेलच असं नाही. केंद्राच्या त्या पत्राची प्रत सोबत न्या.

कर

आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र विवरणपत्र नसतं. लग्नाने कराचा टप्पा बदलत नाही. बदलते ती एकमेकांना दिलेल्या पैशांची गणना.

विवाहित असाल तर पतीने पत्नीला कितीही रक्कम भेट द्यावी, त्यावर कर नाही. पण त्या रकमेची ठेव केली तर व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. लग्न न केलेला जोडीदार मात्र आयकर कायद्याच्या लेखी 'नातेवाईक' नाही. वर्षभरात त्याच्याकडून आलेल्या भेटी ५०,००० रुपयांवर गेल्या की वरचीच नव्हे, सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. ६०,००० मिळाले तर कर १०,००० वर नाही, ६०,००० वर.

इथेच सोबत राहणारी जोडपी अडकतात. घर तिच्या नावावर, तो दर महिन्याला १२,००० तिच्या खात्यात टाकतो. वर्षाचे १,४४,०००. हे भाडं, भेट की किराण्याचा वाटा? यूपीआयच्या शेऱ्यात 'रेंट' लिहिलं असेल तर ते तिचं भाड्याचं उत्पन्न. सोपा मार्ग म्हणजे रक्कम वळवण्याऐवजी खर्चच वाटून घ्यायचे: वीज, इंटरनेट आणि किराणा त्याने थेट भरायचा, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर तिने. पैसे वळवायचेच असतील तर शेऱ्यात 'किराणा-वीज वाटा' लिहा आणि महिन्याच्या खर्चाची वही ठेवा.

घर

भाड्याचं घर असेल तर लिव्ह अँड लायसन्स करारात दोघांचीही नावं लायसन्सी म्हणून घाला. एकाचंच नाव असेल आणि तो माणूस गेला किंवा भांडण झालं, तर दुसऱ्याला तिथे राहण्याचा कसलाच आधार नाही आणि डिपॉझिटही पहिल्याच्या नावाने परत येतं. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं बंधनकारक आहे. महिना २०,००० भाडं, ११ महिने आणि ६०,००० डिपॉझिट धरलं तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास येतं, नोंदणी शुल्क शहरात १,०००. एवढ्या खर्चासाठी नोटरीच्या कागदावर भागवू नका. डिपॉझिटमध्ये कोणाचे किती, ते एका ओळीत लिहून दोघांनी सह्या करा.

विकतच्या घरात धोका मोठा. एकाने पैसे घालायचे आणि खरेदीखत दुसऱ्याच्या नावावर करायचं, हे पती-पत्नीत चालतं, कारण बेनामी व्यवहार कायद्यात ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावाने घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे. लग्नाशिवायच्या जोडीदाराला ती सूट नाही. तुमचे पैसे जात असतील तर तुमचं नाव खरेदीखतावर, टक्केवारीसह. स्त्रीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, या मोहात स्वतःचं नाव गाळू नका.

राहतं घर पुढे जोडीदाराला द्यायचं असेल तर बक्षीसपत्राचा फरक बघा. पती किंवा पत्नीला निवासी घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क ₹२०० आणि त्यावर स्थानिक अधिभार. लग्न नसेल तर खरेदीसारखंच पूर्ण शुल्क. ८० लाखांच्या फ्लॅटवर हा फरक काही लाखांचा आहे.

नॉमिनी, मृत्युपत्र आणि मुलांची भीती

पीएफमध्ये लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्न झाल्यावर बाद होतं, नवं करावंच लागतं. सदस्याला कुटुंब असेल तर कुटुंबाबाहेरचं नाव चालत नाही, म्हणून मुलं असलेल्या माणसाने लिव्ह-इन जोडीदाराचं नाव घातलं तरी उपयोग नाही. बँकेत तशी अट नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनीपर्यंत टक्केवारीसह लावता येतात, त्यात जोडीदार आणि मुलं दोन्ही बसतात. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत कोणाबरोबरही संयुक्त खातं निघतं, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मात्र फक्त पती-पत्नीचं.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या इस्टेटीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही हेच सांगितलं: नॉमिनी रक्कम ताब्यात घेतो, ती वारसांची असते. विम्यात आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते, पण लिव्ह-इन जोडीदाराला हे संरक्षण नाही.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलं आणि आई यांना सारखे वाटे. ९० लाखांचा फ्लॅट, दुसरी पत्नी, पहिल्या लग्नाची दोन मुलं आणि आई हयात नाही: प्रत्येकी ३० लाख. मुलं दुसऱ्या लग्नाला विरोध करतात त्यामागे बहुतेक वेळा हाच भागाकार असतो, बोलून दाखवत नाहीत इतकंच. लिव्ह-इन असेल तर जोडीदाराचा वाटा शून्य आणि मुलं दुसऱ्या दिवशी कुलूप बदलू शकतात. दोन्ही टोकांवर उपाय एकच, मृत्युपत्र. घराची मालकी मुलांना आणि जोडीदाराला हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क, अशी विभागणी करता येते. त्यात मेंटेनन्स आणि मालमत्ता कर कोणी भरायचा, तिथे भाडेकरू ठेवता येईल का, आणि जोडीदाराने पुन्हा लग्न केलं तर हक्क संपतो का, या तीन गोष्टी स्पष्ट लिहा. भांडणं याच तिन्हींवर होतात. दोन साक्षीदार हवेत, तेही लाभार्थी नसलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका.

स्त्री जोडीदाराला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहसदृश नात्या'पुरतं निवास आणि निर्वाहाचं संरक्षण आहे. दोघांपैकी एक जण पहिल्या लग्नातून कायद्याने मोकळा झालेला नसेल, तर ते सिद्ध करणं फार अवघड जातं. घटस्फोटाचा हुकूमनामा हातात येण्याआधी सामान हलवू नये ते यासाठीच.

महिन्याचा खर्च

अर्धा-अर्धा वाटा न्याय्य वाटतो, पण असतोच असं नाही. एकाचं उत्पन्न ६२,०००, दुसऱ्याचं २८,०००. भाडं २०,०००, किराणा ९,०००, वीज-गॅस-इंटरनेट ३,५००, घरकामाच्या मावशी ३,५००, एकूण ३६,०००. निम्मे म्हणजे १८,०००. कमी कमावणाऱ्याच्या पगारातले ६४ टक्के तिथेच गेले. उत्पन्नाच्या प्रमाणात वाटलं तर दोघांनीही ४० टक्के द्यायचे: २४,८०० आणि ११,२००. त्यासाठी एक संयुक्त खातं घ्या, 'कोणीही एक किंवा हयात असलेला' या पद्धतीचं, आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवा. निवृत्तीची पुंजी, आधीच्या जोडीदाराकडून आलेले पैसे आणि मुलांच्या शिक्षणाची ठेव स्वतंत्र खात्यात राहू द्या. एकत्र मिसळलेले पैसे नंतर कोणाचे होते हे सिद्ध करता येत नाही. जुन्या कर्जाला जामीन राहण्याआधी एकमेकांचा क्रेडिट रिपोर्ट बघा. हे मागायला संकोच वाटतो, पण मागा.

गोव्यात

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालू आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामायिक होते, आधीची आणि नंतरची दोन्ही, निम्मी-निम्मी. त्यामुळे आयकरातही पगार वगळून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंद्याचा नफा, दोघांत समान विभागून दाखवावं लागतं. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर करार लग्नाच्या आधीच नोंदवायचा, नंतर तो बदलता येत नाही. दुसऱ्या लग्नात पहिल्या कुटुंबाचं घर असेल तर तारीख ठरवण्याआधी नोटरीची वेळ घ्या.

कामांचा क्रम असा ठेवा: आधी पेन्शनचं लेखी उत्तर, मग पोटगीचा हुकूमनामा आणि गोव्यात असाल तर विवाहपूर्व करार. लग्न किंवा घर बदलणं त्यानंतर. मग पहिल्या महिन्यात पेन्शन कार्यालय, तहसील आणि रेशन, आणि त्यापाठोपाठ पीएफ, बँक व विम्याची नामनिर्देशनं. मृत्युपत्रासाठी तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका.